टाकीवरचं रान

सोलापुरात कोरी भिंत फार दिवस कोरी राहत नाही. आज चुना मारला की उद्या तिच्यावर बिडीची जाहिरात, परवा सिनेमाचं पोस्टर, आणि तेरवा 'येथे थांबू नये' असं कुणीतरी खडसावून लिहिलेलं, नि बरोब्बर त्याच्या खाली थांबलेला दुसरा कुणीतरी. त्यामुळं दुष्काळ सरल्यावर विजापूर रस्त्याला पाण्याची नवी टाकी उभी राहिली, तेव्हा तिच्या भिंतीवर काय काढायचं हा प्रश्न पडणारच होता. पण टाकी कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब प्रश्न पडायची वाट बघणाऱ्यांतले नव्हते. रस्त्याकडच्या भिंतीवर कमळ, कमळात हंडा घेतलेली बाई, बाईच्या डोक्यावर 'पाणी हेच जीवन', आणि बाईच्या पायाखाली कमिटीची नावं. नावांना जागा जास्त लागायला लागली म्हणून बाई जरा बुटकी काढायची ठरली.

राहिली मागची भिंत. ती वसाहतीकडं तोंड करून होती. नळ तिकडंच बसवले होते, पण नळांना अजून पाणी नव्हतं, म्हणून टँकरही तिथंच येऊन थांबायचा. म्हणजे घागरी, बायका, भांडणं, सगळं मागं आणि कमळ तेवढं पुढं. त्या मागच्या भिंतीवर कस्तुराबाईचा डोळा होता.

कस्तुराबाई धनगराची. घरात कानडी, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच खणखणीत. नवरा सिद्धनाथ गिरणीत होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर ह्याच टाकीच्या कामावर तिनं खडीच्या पाट्या वाहिल्या होत्या. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक, आणि एकदा मनात घेतलं की घेतलं. सिद्धनाथ म्हणायचा, "मेंढरू वळवता येतंय, पर हिला वळवून दावा कुनी."

पहिल्यांदा ती कमिटीच्या खोलीत गेली.

"आबासायेब, मागली भिंत मला द्या."

"कशाला? गवऱ्या थापायला?"

"चित्र काढायला."

खोलीतले सगळे खो खो हसले. कस्तुराबाई हसणं संपेपर्यंत थांबली, आणि तेच वाक्य परत म्हणाली. आबासाहेबांनी हात झटकला. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरापुढं उभी. मग देवळापुढं. मग बाजारात, ते मेथीची जुडी निवडत असताना. शेवटी तिनं त्यांना न्हाव्याकडं गाठलं. मान वाकवलेली, गालभर साबण, वस्तरा गळ्याशी. अशा माणसाला पळता येत नाही.

"घे बाई, घे," आबासाहेब साबणातून बोलले. "मागची भिंत घे नि माझा पिच्छा सोड. तिकडं बघतंय तरी कोन?"

आता ह्या बाईला भिंत एवढी कशाला हवी होती, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आबासाहेबांसारखे हसाल.

तिची आई केराबाई तिच्यापाशीच राहायची. थकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी, पण गळा अजून शाबूत. ह्या केराबाईकडं एक गाणं होतं. पाऊस दगा देईल त्या साली तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन मावळतीच्या अंगाला निघायची. मंगळवेढं मागं टाकायचं, माणदेशाचा फुफाटा तुडवायचा, आणि थेट घाटमाथ्यावरच्या झाडीत जायचं. त्या वाटेवर पाणी कुठंकुठं आहे ते त्या गाण्यात होतं. एकेका पाण्याचं नाव घ्यायचं नि मेंढरांना हाळी द्यायची, 'बा कुरी बा, नीर कुडि बा', ये मेंढरा ये, पाणी पी ये. त्या त्या गावचे लोक त्या पाण्याला काय वाटेल ते म्हणोत, केराबाईच्या माणसांनी त्याला आपल्या कानडीतलं नाव ठेवलेलं होतं. कागदावर ते कुठंच नव्हतं. कागदाचं काम नव्हतं, वाट पायांना आणि गाणं तोंडाला पाठ होतं.

बहात्तर साली कस्तुराबाई आईबापाबरोबर त्या वाटेनं पहिल्यांदा चालली. बाप बिरप्पा पुढं, मधे मेंढरं, मागं ह्या दोघी. वाटेत निम्मी मेंढरं बसली ती उठलीच नाहीत. पण घाटमाथ्यावर पोचल्यावर तिनं जे पाहिलं त्यानं ती येडीच झाली. पाऊस पडत नव्हता आणि झाडं गळत होती! धुकं पानांवर बसायचं, त्याचं पाणी व्हायचं, आणि दिवसभर टप टप टप. दगडाला शेवाळ, खोडाला शेवाळ, झाडाच्या फांदीवर दुसरंच झाड उगवलेलं. सूर्य कुठं उगवला ते कळायचं नाही. चहूकडं नुसतं हिरवं, आणि त्या हिरव्यालाही वास. सोलापूरच्या उन्हात करपलेली ही बाई तिथं तोंड वर करून, जीभ बाहेर काढून, झाडाचं पाणी प्याली. तिच्या माणसांनी त्या रानाला नाव दिलं होतं अळुव काडू. रडणारं रान.

तिथंच बिरप्पाला थंडीतापानं गाठलं आणि तो तिथंच राहिला. मेंढरांचे खूर ओलीनं कुजले. मायलेकी परत आल्या त्या रिकाम्या हातानं.

परत आल्यावर केराबाई गायची, पण गाण्याला भोकं पडायला लागली. आधी नऊ पाणवठे होते. आता ती सातच म्हणायची, आणि मधे दोन गेलेत हे तिच्या ध्यानातही यायचं नाही. कस्तुराबाईनं आठवून बघितलं, पण ती त्या वाटेनं एकदाच चाललेली, तीही रडत. मंद्रूपकडच्या नातेवाइकांना विचारलं. एकजण म्हणाला, गाणं होतं खरं. एकजण म्हणाला, आता मेंढरंच नाहीत तर गाणं कशाला? कस्तुराबाईला त्या माणसाचा असा राग आला की ती त्याच्या घरचा चहा न पिता उठली.

ती दोन नावं गेली ती गेलीच. उरलेली सात अव्वाच्या, म्हणजे आईच्या, देखत कुठंतरी पक्की बसायला हवी होती, चारचौघांच्या डोळ्यांपुढं. अव्वा अजून किती दिवस गाईल ते कोण सांगणार? आणि गाण्यातलं पहिलंच पाणी, गुब्बीसेली म्हणजे चिमण्यांचा झरा, तो ह्या टाकीच्या पायाखाली गेला होता. त्यात खडी टाकणाऱ्यांत कस्तुराबाई स्वतः होती. पोटासाठी टाकली, पण टाकली. मग नावं लागायची तर ह्याच भिंतीवर.

झालं, कामाला लागली. मेंढराच्या पाठीवर खूण करायला धनगराच्या बाया लोकरीचा बोळा काठीला बांधून गेरूत बुडवतात, तोच तिचा ब्रश. खाली डाव्या कोपऱ्यात माळ काढला, गेरूचा, उघडाबोडका. तिथनं वाट निघाली. वाटेवर मेंढरं, एकेक फटकाऱ्यात एकेक मेंढरू. वाट चढत चढत उजव्या टोकाला गेली की रान. पण रानाला हिरवा लागतो आणि हिरवा गेरूत कुठनं यायचा?

मल्लिकार्जुन पेंटर पुढच्या बाजूला कमळ रंगवून कंटाळला होता. सिनेमाचे मोठाले पडदे रंगवणारा माणूस तो, हिरॉइनचे गाल करण्यात हयात गेली. तो विडी ओढायला मागं आला आणि भिंत बघून विडी ओढायचं विसरला.

"अक्का, हे कुठलं गं रान?"

"घाटावरचं. झाडं गळत्यात तितं."

"मग असं कोरडं का काढलंयस?"

"हिरवा न्हाय की माज्याकडं."

मल्लिकार्जुन पुढं गेला आणि डबा घेऊन आला. कमळाच्या पानांसाठी आणलेला सगळा हिरवा. त्या दिवसापासून आबासाहेबांच्या कमळाला पानं दोनच राहिली. दोघं रान करायला बसली. ती सांगायची, तो मिसळायचा. "आसा न्हवं, ह्याच्यात काळा घाल. आजून. आरं, शेवाळ कदी बघितलं न्हाईस व्हय?" तो म्हणायचा, "अक्का, मी सोलापूरचा. मी शेवाळ हौदातलं बघितलंय तेवढंच." पानांच्या टोकांना त्यांनी पांढरे थेंब काढले. ते काढताना कस्तुराबाईला बाप आठवला आणि ती बोळा बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसत बसली. मल्लिकार्जुन थेंब काढत राहिला.

टँकरच्या रांगेतल्या बायकांना फुकटचा तमाशा मिळाला. रांगेत पहिली असायची गोजाबाई. ही पाट्या वाहताना कस्तुराबाईच्या जोडीला होती, आणि तोंडाची अशी फटकळ की टँकरवालासुद्धा तिच्याशी अदबीनं वागायचा.

"कस्तुरे, एवढं पानी काढलंयस भिंतीवर, जरा घागरीत वत की!"

"थांब की. नळ सुटला की मिळंल."

"आन् ही काय ल्हिवलीस? वाचून दाव बघू."

पाणवठ्यापाशी मल्लिकार्जुननं काळ्या रंगात नावं लिहिली होती. नावं कानडी, पण अक्षरं मराठी, कारण रांगेतल्या पोरीबाळींना वाचता यावीत असं कस्तुराबाईनंच सांगितलं होतं. गुब्बीसेली. करीकल्लहळ्ळ, काळ्या दगडाचा ओढा. अव्वनबावी, आईची विहीर. कुरीमडू, मेंढरांचा डोह. हालहोळी, दुधाची नदी. मंजकेरी, धुक्याचं तळं. आणि अळुव काडू.

"आगं बया," गोजाबाई म्हणाली, "जीब मोडंल की माजी. आमाला ह्यातलं कायबी ध्यानात ऱ्हायाचं न्हाय बग."

"ऱ्हाऊं दे. भिंतीच्या तरी ऱ्हाईल," कस्तुराबाई म्हणाली.

टाकीच्या उद्घाटनाला मोठे साहेब यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी आबासाहेबांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. साहेब फीत कापणार पुढं, कमळापाशी, ते ठीक. पण नळ सोडायला त्यांना मागं न्यावं लागणार! आबासाहेब धोतर सावरत मागं धावले, आणि भिंतीपुढं उभे राहिले.

खरं सांगायचं तर त्यांना चित्र आवडलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नावं वाचली, आणि चेहरा बदलला.

"कस्तुराबाई, हे काय हाय?"

"पान्याची नावं."

"कानडी हाय ना ही?"

"व्हय. आमची हायत."

"अगं बाई, तुला काय कळतंय का? तिकडं हद्दीचा वाद पेटलाय, माणसं मोर्चे काढाय लागलीत. उद्या पेपरवाला येनार हाय. महाराष्ट्राच्या टाकीवर कानडी नावं, असं छापून आलं तर माझं काय व्हईल? साहेबाला काय सांगू मी?"

"सांगा की, आमीबी हितलीच. आमची बोलीबी हितलीच. आमी कवा म्हनलो ह्यो मुलूख उचलून कुनाला द्या म्हनून? पान्याला हद्द आस्ती का आबासायेब?"

"पान्याला नसती. टाकीला असती."

ह्याचा कस्तुराबाईला संताप आला. आबासाहेब काही वाईट मनुष्य नव्हता. भ्यालेला होता, आणि भ्यालेला माणूस वाईटापेक्षा अवघड. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ. रान ऱ्हाऊं दे, मेंढरं ऱ्हाऊं दे. लई झ्याक काढलंयस. नावं तेवढी काढ."

"नावं काढली तर निस्ती शोभा ऱ्हाईल. मला शोभा नको हुती."

"उद्या सकाळी नावं दिसली तर मी सगळ्या भिंतीला चुना मारतो. रान, मेंढरं, समदं. मल्लिकार्जुन, ऐकलंस न्हवं? तूच मारायचास." आणि ते निघून गेले.

मल्लिकार्जुन मान खाली घालून ब्रश पुसत राहिला. त्याला पुढच्या महिन्यात कमिटीच्या शाळेचं काम मिळायचं होतं. "अक्का," एवढंच तो म्हणाला.

घरी सिद्धनाथनं समजूत घातली. नावं गेली तर गेली, चित्र तर राहतंय. कस्तुराबाई भाकरी थापत होती, ती थापायची थांबलीच नाही. केराबाई भिंतीला टेकून गुणगुणत होती. गुब्बीसेली झालं, करीकल्लहळ्ळ झालं, आणि पुढं गाडी अडली. मग तिनं अव्वनबावी गाळली आणि डोहावर गेली. काल ही चुकत नव्हती.

"अव्वा, अव्वनबावी राहिली," ती म्हणाली.

"व्हय गं?" म्हातारी कानडीत म्हणाली, "ती कुठली?"

कस्तुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

सकाळी थंडी कडाक्याची होती. उजाडायला ती टाकीपाशी आली, तर मल्लिकार्जुन आधीच चुन्याची बादली घेऊन उभा. चुना नुकता भिजवलेला, दह्यासारखा दाट.

"दे हिकडं," ती म्हणाली.

"अक्का, मला..."

"तू मारलास तर हात कापंल तुजा, आन् माज्या मेंढरांवर सांडंल. माजी नावं हायत, मीच झाकते."

टँकर आला होता, रांग लागली होती. कस्तुराबाईनं बोळा चुन्यात बुडवला आणि पहिल्या नावापुढं उभी राहिली. बायकांना वाटलं ही आता रडणार. ती रांगेकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली, "गुब्बीसेली!" आणि मग नावावर चुना दिला, नेमका नावापुरता, दाट. पुढच्या नावापाशी गेली. "करीकल्लहळ्ळ!" चुना. "अव्वनबावी!" चुना.

"आगं ये, येड लागलं का काय तुला?" गोजाबाई म्हणाली.

"आबासायेबांनी भिंतीवरनं काढा म्हनलंय. तोंडातनं काढा म्हनलं न्हाय. म्हना माज्यासंगं. कुरीमडू!"

पहिल्यांदा कुणीच म्हणेना. मग कुणीतरी एक पोर म्हणाली, आणि हसली. हसू पसरलं. चौथ्या नावाला चार बायका, पाचव्याला निम्मी रांग. टँकरवाला वर बसून बघत होता, त्याला वाटलं आज पाणी भरायचं सोडून ह्यांना काय झालंय. गोजाबाई काही शेवटपर्यंत म्हणाली नाही. तिनं फक्त पुढं होऊन बादली उचलली आणि कस्तुराबाईबरोबर एका नावापासनं दुसऱ्यापर्यंत वाहून नेली. चुन्याची बादली जड असते.

सगळी नावं झाकली गेली. रानाच्या आणि माळाच्या मधे सात पांढरे डाग उरले. कस्तुराबाई घरी जाऊन आईला घेऊन आली. आता बघण्यासारखं काही नव्हतं, तरी आणली.

उन्हं वर आली तशी गाडी आली, साहेब आले, कमळापाशी फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. आता साहेब मागं नळापाशी आले की ढोलानं स्वागत व्हावं, म्हणून आबासाहेबांनी स्वतःच धनगरी ढोल सांगितला होता. गावरान काहीतरी दाखवावं, ही हौस त्यांचीच. साहेब मागं आले, तेव्हा ढोलवाल्यांत पुढं सिद्धनाथ उभा होता. आता धनगराचा ढोल म्हटला की भंडारा आलाच. ढोलाला पहिली थाप पडायच्या आधी हळदीची मूठ बिरोबाच्या नावानं उधळायची, ढोलावर, माणसांवर, समोर ज्याचा मान असेल त्यावर. हे आबासाहेबांना ठाऊक होतं. आणि ओल्या चुन्यावर हळद पडली की काय होतं, हे त्यांच्या घरातल्या बाईला ठाऊक होतं. ह्या दोन गोष्टी एका डोक्यात एका वेळी आल्या नाहीत, एवढंच झालं. खरं म्हणजे सिद्धनाथच्याही डोक्यात आल्या नाहीत, आणि कस्तुराबाईच्याही.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सिद्धनाथ गरजला. समोर बायकोची भिंत होती, तिचाच मान. त्यानं पोत्यातली ओंजळ भरून भिंतीवर उधळली. मागच्यांनीही उधळली. हवा पिवळी झाली, साहेबांची टोपी पिवळी झाली, आबासाहेब ठसकले. धुरळा बसला तसा ढोलही थांबला.

रान हिरवंच होतं. माळ गेरूचाच होता. पण त्या सात ओल्या डागांवर बसलेली हळद बघता बघता लाल झाली होती. लालभडक, कुंकवासारखी. कुंकवासारखी काय, कुंकूच की ते, घरोघरी हळदीत चुना घालून असंच तर करतात. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासनं उजव्या टोकापर्यंत, जिथं जिथं नाव झाकलं होतं, नेमकं तिथं तिथं कुंकू.

कस्तुराबाईला पहिल्यांदा वाटलं, संपलं. भिंत नासली. मग तिच्या शेजारच्या बाईनं हात जोडले. मागच्या बाईनं जोडले. रांगच्या रांग हात जोडून उभी.

"पुसा ते! पाणी आणा, फडकं आणा!" आबासाहेब कुणाच्या तरी हातातलं फडकं ओढून पुढं धावले. साहेब कपाळाला आठ्या घालून बघत होते, पेपरवाला कॅमेरा काढत होता.

गोजाबाई रांगेतनं बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काय पुसताय, आबासायेब? कुकू? बायकांम्होरं कुकू पुसनार तुमी? पुसा, बगू तरी!"

आबासाहेबांचा हात जिथल्या तिथं राहिला. भर सकाळी, इतक्या सवाष्णींच्या देखत, कुंकू पुसायला कुठल्या पुरुषाचा हात उठेल? त्यांची आई अजून जिवंत होती, तिच्या कानावर हे गेलं असतं तर तिनं जेवायला वाढलं नसतं. त्यांनी फडकं पाठीमागं लपवलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, कुतूहलाचा होता. "इथं काय लावलंय हे?"

आबासाहेब पाठीमागं फडकं चुरगाळत राहिले. घामानं हळद गालावरनं ओघळत होती. कस्तुराबाईला आता भीती वाटेना. तिला ठाऊक होतं, हा रंग टिकायचा नाही. चुना वाळला, ऊन लागलं की उडून जाणार. जे काही करायचं ते आत्ता.

"सायेब, ती पानी हायत," ती म्हणाली. "आमच्या वाटंवरची. नावं माजी आय सांगंल." आणि तिनं केराबाईला धरून भिंतीपाशी नेलं, तिचं बोट पहिल्या डागावर ठेवलं. "अव्वा, म्हन."

म्हातारीला चित्र धड दिसत नव्हतं, पण लाल दिसत होतं. बोटाला ओलं लागलं तसा तिनं वास घेतला, आणि गळा काढला. "गुब्बीसेली, बा कुरी बा, नीर कुडि बा." पेपरवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्या डागापाशी गेली, दुसरं नाव. तिसरं, काल विसरलेली अव्वनबावी, ती आली. डोह झाला. दुधाची नदी झाली. वाट चढत होती, म्हातारीचं बोट भिंतीवर चढत होतं, सिद्धनाथनं ढोलावर हलकी थाप धरली होती.

सहाव्या डागापाशी ती थांबली.

थाप थांबली. केराबाईचं बोट कुंकवावर, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं, हरवलेल्या माणसासारखं. आता घेईल, मग घेईल, म्हणून कस्तुराबाई तिच्या ओठांकडं बघत थांबली. तिला वाटलं, हेही गेलं. सगळ्यांच्या देखत गेलं.

"मंजकेरी!" मागनं खणखणीत आवाज आला. "मंजकेरी हो आज्जी, मंजकेरी. धुक्याचं तळं."

गोजाबाई होती. सकाळपासनं एकदाही तोंडातनं नाव न काढलेली. उच्चार अगदी मराठी, जाडाभरडा, पण नाव तेच.

केराबाईनं मान वळवली. बारीक डोळे करून त्या आवाजाकडं बघितलं.

"यार गं आकी?" तिनं लेकीला कानडीत विचारलं. "कोण गं ती? आपल्यातली हाय का?"

कस्तुराबाईनं गोजाबाईकडं बघितलं. तिच्या हाताला अजून चुना लागलेला होता.

"व्हय अव्वा," ती म्हणाली. "आपल्यातलीच हाय."

म्हातारीनं मान डोलावली, बोट पुढं सरकवलं, आणि शेवटचं नाव घेतलं. ह्या वेळी तिच्या मागं रांगेतल्या सगळ्या बायका म्हणाल्या.